पनवेल-उरण २०३१: शहर कुठे पसरेल याचं मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर कसं करायचं

मुंबईत जमीन आधी कागदावर बदलते, मग जागेवर. अधिसूचना निघते, भूखंडावरचं आरक्षण उठतं, सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी येते आणि काही वर्षांनी उपग्रहाला तिथे काँक्रीट दिसतं. जमीनवापर बदलाच्या मॉडेलला मात्र फक्त काँक्रीट दिसतं, कागद दिसत नाही. म्हणून मुंबईसाठी असं मॉडेल करताना निम्मं काम सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि निम्मं तारखा गोळा करण्यात. युट्यूबवरचे बहुतेक धडे पहिलंच निम्मं शिकवतात.

हा लेख भूगोलाच्या आणि प्लॅनिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. खाडी-डोंगर वाचवण्याच्या कामात ज्यांना नकाशे लागतात, त्यांच्याही उपयोगी पडेल. क्यूजीआयएस उघडून दोन-चार लेयर एकमेकांवर टाकता येत असतील तर पुरे. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो, एक रुपयाचंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

मॉडेल करतं काय, हे आधी थोडक्यात. जागेचे ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला एक प्रकार द्यायचा: शेती, खारफुटी, बांधकाम वगैरे. दोन जुन्या सालांचे नकाशे शेजारी ठेवले की किती शेती बांधकामात गेली ते कळतं. त्या दराने पुढच्या दहा वर्षांत किती जाईल, हा झाला 'किती'चा हिशोब. तो मार्कोव्ह साखळीने होतो. ती वाढ नेमकी कोणत्या चौकोनांवर बसवायची, हा 'कुठे'चा हिशोब. तो सेल्युलर ऑटोमॅटा करतं: शेजारी आधीच बांधकाम आहे का, स्टेशन किती लांब, उतार किती, हे बघून प्रत्येक चौकोनाला क्रमांक लागतो आणि वरच्या क्रमांकाचे चौकोन बदलले जातात. किती आणि कुठे या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा. चूक शोधताना याच फरकावर सगळं अवलंबून असतं.

परळ नको, पनवेल घ्या

मुंबईत राहणाऱ्याला पहिला मोह होतो तो गिरणगावाचा. १९८२ चा संप, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनींसाठीचा ५८ क्रमांकाचा नियम, २००१ ची दुरुस्ती, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि मग टॉवर. जमीनवापर बदलाचं यापेक्षा ठळक उदाहरण देशात क्वचितच सापडेल. पण लँडसॅट उपग्रहाला ते दिसत नाही. गिरणीचं छप्पर राखाडी, टॉवरचा पोडियमही राखाडी. मॉडेलच्या लेखी लोअर परळमध्ये काहीच घडलेलं नाही. जनगणना घेतली तरी चित्र उलटंच: मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर उतरली, आणि मजले मात्र चढत गेले. उभ्या वाढीसाठी प्लॉटनिहाय एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकामाला परवानगी) आणि इमारतींची उंची लागते. ते वेगळ्या जातीचं मॉडेल आहे.

या पद्धतीला हवी आडवी वाढ. ती मिळते वसई-विरारला, कल्याण-बदलापूर पट्ट्यात आणि खाडीपलीकडे. मी इथे वाशी-खारघर-पनवेल-उलवे-उरण ही चौकट धरतो, कारण तिथे शहर वाढण्याचे तीन वेगळे प्रकार एकाच नकाशात येतात. एक, सिडको या सरकारी महामंडळाने आखून वसवलेले नोड, म्हणजे नियोजित उपनगरं. दोन, गावठाणांभोवती 'गरजेपोटी' उभी राहिलेली घरं. तीन, बंदरामागे उरण बाजूला पसरलेली कंटेनर यार्डं. तिन्ही एकाच नियमाने वाढत नाहीत आणि मॉडेलचा कस तिथेच लागतो.

चौकट साधारण ३० बाय ३६ किलोमीटरची घ्या. ३० मीटरच्या हिशोबाने १,००० बाय १,२०० म्हणजे १२ लाख पिक्सेल. लॅपटॉप रडणार नाही.

साल २००१, २०११ आणि २०२१. मॉडेलला समान अंतराची साल लागतात: पहिल्या दोनवरून शिकायचं, तिसऱ्यावर परीक्षा घ्यायची, मग २०३१ कडे वळायचं. जनगणना जोडायची असेल तर २००१ आणि २०११ चे आकडे हाताशी आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा तिथे लोकसंख्येचा लेयर लावण्याच्या फंदात पडू नका.

उपग्रहचित्रं: इथेच निम्मी लढाई

लँडसॅटची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. लँडसॅटच्या चित्रांच्या जाळीत मुंबई पाथ १४८, रो ४७ मध्ये येते. गूगल अर्थ इंजिन बिनव्यापारी कामासाठी मोफत वापरता येतं आणि ढग काढून टाकणं तिथे सोपं जातं. कलेक्शन २, लेव्हल २ चा डेटा घ्या. त्यातल्या आकड्यांना ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केल्यावर खरी परावर्तकता मिळते. हे न करता निर्देशांक (दोन बँडच्या तुलनेतून हिरवळ किंवा बांधकाम दाखवणारे आकडे) काढले तर तिन्ही सालांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

२००१ साठी लँडसॅट-७ चालतो. २०११ साठी तो घेऊ नका: ३१ मे २००३ ला त्याच्या स्कॅनरमधला एक भाग बिघडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात काळ्या पट्ट्या आहेत. २०११ साठी लँडसॅट-५ घ्या. तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत चित्रं पाठवत होता. २०२१ साठी लँडसॅट-८. मात्र बँडचे, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचे, क्रमांक तपासा. लँडसॅट-५ आणि ७ मध्ये पाचवा बँड लघुलहरी अवरक्त असतो, लँडसॅट-८ मध्ये तोच पाचवा बँड निकट अवरक्त असतो. जुनं सूत्र तसंच चिकटवलं तर बांधकामाचा निर्देशांक सपशेल उलटा येतो, आणि नकाशा रंगीत दिसत असल्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.

आता महिना. बरेच जण ढग नकोत म्हणून एप्रिल-मे निवडतात आणि फसतात. उन्हाळ्यात पारसिकच्या रांगेवरचं गवत वाळून पिवळं पडतं आणि बांधकामाच्या निर्देशांकात ते इमारतींसारखंच दिसतं. मिठागरं मीठ पिकल्यावर पांढरी लखलखीत होतात, तीही काँक्रीट म्हणून मोजली जातात. म्हणून एका ऐवजी दोन हंगामांची चित्रं घ्या: एक ऑक्टोबर-नोव्हेंबरचं, एक मार्च-एप्रिलचं. पावसानंतर हिरवं आणि उन्हाळ्यात तपकिरी म्हणजे गवत किंवा भातशेती. दोन्ही वेळा हिरवं आणि खाडीला लागून म्हणजे खारफुटी. दोन्ही वेळा उघडं म्हणजे इमारत, खाण किंवा भराव. दोन हंगामांचे सगळे बँड एकाच फाइलमध्ये रचून वर्गीकरणाला दिले की गोंधळ बराच कमी होतो.

भरती-ओहोटीही बघा. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. एका सालचं चित्र भरतीचं आणि दुसऱ्याचं ओहोटीचं असेल तर ठाणे खाडी आणि पनवेल खाडीच्या काठाला शेकडो हेक्टर 'नवी जमीन' तयार झालेली दिसेल, आणि ती निव्वळ चिखल असेल. सोपा उपाय: पाणी, चिखलपट्टा आणि मिठागर एकाच वर्गात टाका.

वर्ग सहाच ठेवा

बांधकाम; भराव-खाण-उघडी जमीन; शेती आणि गवत; डोंगरावरचं जंगल; खारफुटी; आणि पाणी-चिखल-मिठागर. यापेक्षा जास्त वर्ग ३० मीटरच्या पिक्सेलमधून काढायचा हट्ट धरला तर हाती गोंगाट येतो. चाळ आणि सोसायटी वेगळी करायची तर दुसरा डेटा लागेल.

भराव वेगळा ठेवण्याचं कारण इथल्या जागेतच आहे. उरण पट्ट्यात पाणथळ जागेवर आधी डंपरने मुरूम पडतो, मग सपाटीकरण होतं, मग गोदाम किंवा यार्ड येतं. मुरमाचा टप्पा बांधकामात मिसळला तर वाढ लवकर झाल्यासारखी दिसते, शेतीत मिसळला तर उशिरा. वेगळा ठेवला तर तो पुढच्या दहा वर्षांचा सर्वात चांगला सुगावा ठरतो.

प्रत्येक वर्गासाठी किमान ५०-६० नमुना बहुभुज आखा, सगळ्या चौकटीत विखुरलेले. खारघरचे सगळे आणि उरणचा एकही नाही असं नको. रँडम फॉरेस्ट हे वर्गीकरण यासाठी पुरेसं आहे; क्यूजीआयएसमधल्या सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइनमध्ये ते आहे, अर्थ इंजिनमध्येही आहे. मग प्रत्येक वर्गात १०० यादृच्छिक ठिपके टाकून अचूकता तपासा. त्यासाठी गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं उघडून एकेक ठिपका डोळ्याने बघायचा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

टाळता का येत नाही, ते या हिशोबात बघा. समजा २००१ चा नकाशा ९० टक्के बरोबर आहे आणि २०११ चाही तेवढाच. दोन्ही साली बरोबर असलेले पिक्सेल ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ८१ टक्के. म्हणजे १९ टक्के पिक्सेलमध्ये कुठे ना कुठे चूक आहे. खरोखर बदललेली जमीन दहा वर्षांत ८ टक्के असेल तर तुमची चूक बदलाच्या दुपटीहून जास्त झाली. मॉडेल मग शहराची वाढ शिकत नाही, तुमच्या वर्गीकरणाच्या चुका शिकतं, आणि अगदी मन लावून शिकतं.

यावर इलाज म्हणजे अशक्य बदल गाळणं. २००१ मध्ये इमारत आणि २०११ मध्ये जंगल असं दिसलं तर एक नकाशा चुकला आहे. तिसऱ्या सालाकडे बघून बहुमताने दुरुस्त करा. पण डोळे मिटून गाळू नका. शेतीची खारफुटी होणं कागदावर विचित्र दिसतं, इथे मात्र ते खरंच घडतं. खाडीकाठची खाजणं (खाडीलगतची भातशेतं) बांधबंदिस्ती आणि उघाड्यांवर, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या झडपांवर, टिकलेली होती. बांध फुटले, कुणी दुरुस्त केले नाहीत, खारं पाणी आत आलं आणि भाताच्या जागी तिवरं उगवली. हा बदल गाळून टाकलात तर खाडीकाठची खरी गोष्टच पुसली जाईल.

बदलाचं कोष्टक

आता क्यूजीआयएसमध्ये मोलस्क (MOLUSCE) नावाचं प्लगइन बसवा. सगळे रास्टर (चौकोनांचे नकाशे) एकाच मापाचे हवेत: तीच चौकट, तोच पिक्सेल, तीच प्रोजेक्शन. मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. एखाद्या फाइलमध्ये एक रांग जास्त असली तरी प्लगइन पुढे सरकत नाही. 'अलाइन रास्टर्स' हे साधन आधीच वापरून घ्या.

दोन सालांचे नकाशे दिले की मोलस्क बदलाचं कोष्टक देतं. ते वाचायला शिका. समजा २००१ मध्ये शेती-गवताचे १०,००० पिक्सेल होते आणि त्यातले १,२०० बांधकामात गेले. दहा वर्षांची शक्यता ०.१२. वीस वर्षांत किती जाईल? २४ टक्के नाही. उरलेल्या ८८ टक्क्यांपैकी पुन्हा ८८ टक्के टिकतील, म्हणजे ७७.४ टक्के टिकले आणि २२.६ टक्के गेले. वर्षाचा दरही १.२ नाही, १.२७ टक्के येतो. पिक्सेलचं हेक्टरमध्ये रूपांतर करताना ०.०९ ने गुणा.

सगळ्या चौकटीला एकच कोष्टक लावणं ही या पद्धतीतली सर्वात आळशी सवय आहे. सिडकोने संपादित केलेली जमीन, नैना (विमानतळ प्रभाव क्षेत्र) म्हणून अधिसूचित गावं आणि उरणचा किनारा, यांचे दर एकमेकांशी जुळत नाहीत. तीन तुकडे करा, तीन वेगळी मॉडेलं चालवा, शेवटी नकाशे जोडा. वेळ तिप्पट जातो, पण निकाल माणसात येतो.

कारणांचे लेयर, आणि त्यांच्या तारखा

कुठे वाढेल हे ठरवणारे लेयर साधारण हे: रेल्वे स्टेशनपासून अंतर, मोठ्या रस्त्यापासून अंतर, उतार, आधीच्या बांधकामापासून अंतर, गावठाणापासून अंतर, बंदरापासून अंतर. अंतर काढायला क्यूजीआयएसमधलं 'प्रॉक्सिमिटी' पुरतं. स्टेशनचा परिणाम चालत पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे झपाट्याने ओसरतो, म्हणून सरळ अंतराऐवजी अंतराचा लॉगॅरिदम द्या.

गावठाणाचा लेयर बहुतेक शोधनिबंधांत नसतो. इथे तो लागतोच. १९७० पासून नवी मुंबईसाठी गावांच्या जमिनी संपादित झाल्या, पण गावठाणं जागेवरच राहिली. १९८४ च्या जासईच्या आंदोलनातून पुढे आलेल्या साडेबारा टक्के योजनेचे (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेले) प्लॉट आणि कुटुंब वाढत गेलं तशी बांधलेली घरं, हे सगळं सेक्टरच्या आखणीबाहेरचं आहे. सिडकोच्या नोडवरून शिकलेलं मॉडेल या घरांना 'अपवाद' म्हणून सोडून देतं, आणि हे अपवाद गाव न् गाव पसरलेले आहेत.

आता तारखा. २००१ ते २०११ शिकवताना फक्त त्या काळात असलेलीच स्टेशनं द्यायची. हार्बर लाईन १९९२ मध्ये वाशीला पोहोचली आणि १९९८ मध्ये पनवेलला, ती द्या. ठाणे-वाशी लाईन २००४ ची, तीही द्या. पण खारकोपर स्टेशन नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडलं आणि उरणपर्यंत गाडी जानेवारी २०२४ मध्ये गेली. ओपनस्ट्रीटमॅपवरून आजची स्टेशनं उतरवून २००१ च्या मॉडेलला दिली, तर तुम्ही त्याला उत्तरपत्रिका आधीच दाखवली. निकाल झकास येतो आणि काडीचा उपयोग नसतो. रस्त्यांचंही तेच: अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, तो २०२१ च्या परीक्षेत दिसता कामा नये. प्रत्येक लेयरसाठी एक साधी तक्ता-फाइल ठेवा: काय, कुठे, कधी जाहीर झालं, कधी सुरू झालं. जाहीर होण्याची तारीखही लिहाच, कारण जमिनीचे भाव स्टेशन उघडायची वाट बघत नाहीत.

उताराची गंमत वेगळी आहे. अवकाश शटलवरच्या रडारने टिपलेला उंचीचा नकाशा (एसआरटीएम) फेब्रुवारी २००० चा आहे, त्यामुळे २००१ ला तो चपखल बसतो. पण विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदी वळवली. त्या नकाशात टेकडी अजून उभी आहे. २०३१ कडे जाताना तो भाग हाताने सपाट करा, नाहीतर मॉडेल ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळाच्या जागी 'उतार जास्त, बांधकाम अशक्य' असं लिहून मोकळं होईल.

लेयर एकमेकांची नक्कल करत नाहीत ना, हेही बघा. सायन-पनवेल महामार्ग आणि हार्बर लाईन बराच पल्ला जवळजवळ जातात. मोलस्कच्या सहसंबंध खिडकीत दोघांचा आकडा ०.८ च्या वर गेला तर एक काढा.

मनाईचा लेयर शून्याचा नसावा

कर्नाळा अभयारण्य, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, खारफुटी, सीआरझेड: हे सगळं 'बांधकाम बंद' म्हणून काळं करून टाकायची पद्धत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला आणि तिच्या ५० मीटर परिसरात बांधकामाला मनाई केली, तेव्हा काळं करणं कायद्याने बरोबरच. पण जागेवर दोन मार्गांनी ही रेष ओलांडली जाते. एक, रीतसर परवानगीने. विमानतळाची पर्यावरण मंजुरी २०१० ची आहे आणि त्या जागेत खारफुटी होती. दोन, रात्रीच्या भरावाने.

म्हणून शून्य ठेवण्याऐवजी मोजा. २००१ मध्ये खारफुटीत असलेले किती टक्के पिक्सेल २०११ पर्यंत भरावात किंवा बांधकामात गेले? त्याला बाहेरच्या जमिनीच्या दराने भागा. जे गुणोत्तर येईल तो त्या मनाईचा खरा जोर. अभयारण्याला शून्याजवळचा आकडा येईल, खाडीकाठच्या एखाद्या पट्ट्याला येणार नाही. हाच आकडा नकाशापेक्षा जास्त बोलका असतो, आणि अर्ज-निवेदनात तोच कामाला येतो.

मॉडेल शिकवणं

मोलस्कमध्ये चार पद्धती मिळतात. सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशनने करा, कारण कोणत्या लेयरला किती वजन मिळालं ते स्पष्ट दिसतं. स्टेशनपासून लांब गेल्यावर वाढ वाढते असं वजन आलं, तर डेटात घोळ आहे. ते निस्तरल्यावर न्यूरल नेटवर्क लावा. शेजार एक पिक्सेलचा, म्हणजे तीन बाय तीन. शिकण्याचा वेग कमी ठेवा. नमुने वर्गनिहाय समप्रमाणात घ्या. शिकण्याचा आणि पडताळणीचा असे दोन आलेख दिसतात. पहिला खाली जात राहिला आणि दुसरा वर वळला की थांबा, पुढे नुसती घोकंपट्टी आहे.

मोलस्कची एक मर्यादा इथे फार जाणवते. ते आधीच्या वस्तीच्या कडेने वाढ बसवतं. गावठाणं अशी वाढतात, उलवे अशी वाढली नाही. ती सिडकोच्या आखणीनुसार मोकळ्या जागेत उठली. ब्राझीलमध्ये तयार झालेलं डिनामिका इगो (Dinamica EGO) हे मोफत सॉफ्टवेअर ही दोन कामं वेगळी करतं: एक भाग जुन्या ठिपक्यांना फुगवतो, दुसरा नवे ठिपके टाकतो, आणि कोणाला किती वाटा द्यायचा ते तुम्ही ठरवता. सिडकोच्या तुकड्यात नव्या ठिपक्यांना मोठा वाटा द्या आणि ठिपक्याचा सरासरी आकार सेक्टरएवढा ठेवा. गावांच्या तुकड्यात उलट. शिकायला जरा जड आहे, पण या चौकटीसाठी माझी पसंती त्यालाच.

परीक्षा: ८८ टक्क्यांना भुलू नका

आता २०२१ चा बनवलेला नकाशा आणि २०२१ चा खरा नकाशा समोरासमोर ठेवा. आधी समुद्र आणि खाडीचं पाणी झाकून टाका. नाहीतर कधीच न बदलणारं पाणी तुमचे मार्क वाढवत बसेल.

समजा उरले १० लाख पिक्सेल. खरा बदल ८०,००० मध्ये झाला. मॉडेलनेही ८०,००० बदल सांगितले, पण त्यातले २०,०००च जागेवर बसले. म्हणजे ६०,००० हुकले आणि ६०,००० उगाच सांगितले. एकूण चुका १,२०,०००, अचूकता ८८ टक्के. प्रबंधात हा आकडा छान दिसतो. आता २०११ चाच नकाशा उचलून '२०२१ मध्ये काहीही बदललं नाही' असं म्हणा. अचूकता? ९२ टक्के. काहीच न करणारं मॉडेल तुमच्यापुढे गेलं.

म्हणून बरोबर सांगितलेले बदल भागिले (बरोबर अधिक हुकलेले अधिक उगाच सांगितलेले) हे गुणोत्तर काढा. इथे २० भागिले १४०, म्हणजे १४ टक्के. याला फिगर ऑफ मेरिट म्हणतात. लाज वाटण्यासारखा आकडा वाटतो, पण बदल थोडा असलेल्या जागी तो कमीच येतो. कप्पा गुणांक (योगायोगाने जुळलेले पिक्सेल वजा करून काढलेली अचूकता) अजूनही सर्रास छापला जातो. त्याच्याऐवजी 'किती'ची चूक आणि 'कुठे'ची चूक वेगवेगळी द्या. वरच्या उदाहरणात 'किती' तंतोतंत बरोबर आहे, सगळी चूक 'कुठे'ची आहे.

मग तीच तुलना ३०० मीटर आणि एक किलोमीटरच्या चौकोनांवर करा. मॉडेलने प्लॉट शेजारच्या गल्लीत टाकला असेल तर ३०० मीटरवर आकडा चांगलाच सुधारतो. एक किलोमीटरवरही सुधारला नाही, तर चूक गल्लीची नाही, कारणांच्या लेयरची आहे.

हुकलेले पिक्सेल वेगळ्या रंगात छापा आणि प्रत्येक मोठ्या डागापुढे कारण लिहा. या चौकटीत मोठे डाग कुठे पडणार हे आधीच सांगता येतं: विमानतळाची जागा, उलवे, बंदरामागची यार्डं. तिघांमागेही निर्णय आहे, शेजार नाही. ज्या डागाला कागद सापडत नाही, तिथे जाऊन या. उरण लाईनची लोकल आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते. मोबाइलमध्ये क्यूफील्ड (क्यूजीआयएसचे नकाशे उघडणारं ॲप) टाकून नकाशा सोबत न्या आणि जागेवरच नोंद करा. बऱ्याचदा तिथे वर्गीकरणाची चूक निघते, कधी ताजा भराव.

२०३१: एक नकाशा काढू नका

परीक्षेत समाधान झालं की २०११-२०२१ वर पुन्हा शिकवा आणि २०३१ काढा. एकच भविष्य छापणं हा खोटा आत्मविश्वास आहे. किमान तीन काढा.

पहिलं, आहे तसंच चालू: २०११-२०२१ चे दर, जुनेच लेयर. दुसरं, सेतू आणि विमानतळ: यात अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजा. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा पूल नकाशावर रस्ता आहे, पण त्याचा खरा परिणाम होतो तो प्रवासाला लागणाऱ्या वेळावर. चिर्ल्याजवळच्या गावांचा मुंबईपासूनचा वेळ बदलला की क्रमवारी बदलते. कर्नाळा-साई-चिरनेर पट्ट्यातल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला २०२४ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण नेमलं, तो तुकडा वेगळा काढा आणि तिथे नव्या ठिपक्यांचा वाटा वाढवा. दर किती वाढवायचा? खारघरने आखणीनंतरच्या पहिल्या दशकात जो वेग घेतला तो वरची मर्यादा म्हणून धरा. तिसरं, कडक अंमलबजावणी: मनाईचं गुणोत्तर सगळीकडे शून्यावर आणा आणि तीच वाढ दुसरीकडे कुठे सरकते ते बघा. ती नाहीशी होत नाही, बहुधा भातशेतीवर जाते. खारफुटी वाचवायची चर्चा करताना हे समोर असलेलं बरं.

प्रत्येक भविष्य वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (दर वेळी निवड बदलणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांनी) निदान तीसदा चालवा. एखादा चौकोन ३० पैकी २७ वेळा बांधकामात गेला तर त्याला ९० टक्के, ३ वेळा गेला तर १० टक्के. असा शक्यतेचा नकाशा छापा. लाल-हिरवा फैसला छापू नका.

निकाल बाहेर देताना गावनिहाय किंवा ५०० मीटरच्या जाळीवर द्या, ३० मीटरवर नको. मॉडेलला प्लॉटच्या पातळीवर काहीही कळत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण पनवेल-उरणच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नकाशा 'येणारा झोन' म्हणून फिरेल आणि त्यावर एखाद्याचा सौदा होईल. सर्व्हे नंबरची सीमा नकाशावर टाकूच नका. नकाशाच्या कोपऱ्यात फिगर ऑफ मेरिट आणि कोणत्या तारखेपर्यंतचे निर्णय धरले ते मोठ्या अक्षरात लिहा. आणि तारखांची तक्ता-फाइल नकाशासोबतच द्या. नवी अधिसूचना निघाली की दुसऱ्या कुणालाही तिच्यात एक ओळ वाढवून मॉडेल पुन्हा चालवता आलं पाहिजे.